ऑडिओलॉजिस्ट व्हायचंय? तुमची पत्रं, माझी उत्तरं

मागच्या अंकात तान्ह्या बाळांच्या श्रवणचाचणीबद्दल लिहिताना शेवटी एक ओळ टाकली होती, की या कामाला शिकलेली माणसं, म्हणजे ऑडिओलॉजिस्ट, कमी पडतात. झालं, पत्रं सगळी त्या एका ओळीवरच आली. बाळांबद्दल कोणी काही विचारलं नाही, कोर्स कुठे आहे, फी किती, अमेरिकेला जाता येतं का, हेच. तर यावेळी फक्त तेच घेतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं छापलेली नाहीत, गावं तेवढी ठेवलीत.

मुलीला नीटमध्ये एमबीबीएस, बीडीएस मिळेल असे मार्क नाहीत. प्रवेशाच्या यादीत बीएएसएलपी दिसलं. क्लासवाले म्हणाले स्पीच थेरपीचा कोर्स आहे, मुलींना बरा. पण हे टेक्निशियनचं काम आहे का? ऑडिओलॉजिस्ट म्हणतात ते हेच का? – एक आई, लातूर

ताई, हो, हेच ते. बीएएसएलपी म्हणजे ऑडिओलॉजी आणि स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी दोन्ही मिळून एक डिग्री, ३ वर्षं कॉलेज आणि चौथं वर्ष इंटर्नशिप, आणि महाराष्ट्रात तिचा प्रवेश नीटच्या मार्कांवर फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपीच्या बरोबरीनेच सीईटी सेलकडून होतो, म्हणून ती यादीत दिसली. डिग्री झाली की रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे, म्हणजे आरसीआयकडे नाव नोंदवायचं आणि मग प्रॅक्टिस करता येते. १९९२ चा कायदा आहे त्याचा, नोंदणी नसताना हे काम केलं तर १ वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. (दंडाचा आकडा वाचून आमचे विद्यार्थी दरवर्षी हसतात. पण कैद आहे हेही वाचा म्हणावं.)

आता टेक्निशियनचं. ही शंका ज्यांनी चाचणी फक्त बाहेरून बघितलीय त्यांना येतेच, कारण बाहेरून काय दिसतं, काचेच्या पलीकडे पेशंट बसलाय, हेडफोन लावलाय, 'टूं' ऐकू आलं की बटण दाबतो, आणि आत बसलेली मुलगी कागदावर गोल आणि फुल्या काढतेय. मशीन कोणीही दाबेल, खरंय. पण एका कानाला हेडफोनने दिलेला आवाज साधारण ४० डीबीच्या (डेसिबल, आवाजाचं माप) पुढे गेला की कवटीतून पलीकडच्या कानाला पोचू शकतो, आणि कानामागच्या हाडावर व्हायब्रेटर लावला तर मध्ये अडवणारं जवळपास काहीच नसतं. मग ज्याचा डावा कान पूर्ण गेलाय तो माणूस उजव्या कानाने ऐकून अगदी प्रामाणिकपणे बटण दाबतो आणि रिपोर्टवर डाव्या कानात थोडं ऐकू येतं असं छापून येतं. हे होऊ नये म्हणून चांगल्या कानात मोजून मापून दुसरा आवाज सोडायचा, त्याला मास्किंग म्हणतात, तो कमी पडला तरी रिपोर्ट चुकतो आणि जास्त झाला तरी चुकतो. दुसऱ्या वर्षाची निम्मी पोरं यावरच रडतात. तुमच्या मुलीला फिजिक्स नको म्हणून ती इकडे येत असेल तर तिला आधीच सांगून ठेवा, फिजिक्स सुटत नाही. ६० डीबीचं एक मशीन चालू आहे आणि शेजारी तसंच दुसरं चालू केलं तर बेरीज १२० नाही, ६३ होते. हे का होतं ते तिला कळून आवडलं तर ती इथे रमेल.

याशिवाय मेंदूच्या नसांची शरीररचना, भाषाशास्त्र, मुलांचं मानसशास्त्र, तोतरेपणा, टाळू फाटलेल्या मुलांचं बोलणं, पक्षाघातानंतर गेलेली भाषा, गिळायचे त्रास, सगळं या एकाच डिग्रीत येतं. आणि पहिल्या वर्षापासूनच क्लिनिकमध्ये पोस्टिंग लागतं, आधी नुसतं बघायचं, मग हिस्टरी घ्यायची, मग सुपरवायझर मागे उभी असताना स्वतः करायचं.

'मुलींना बरा' हे मात्र मला कळलं नाही. मुलांना काय वाईट आहे?

कॉलेज बघताना मी एकच गोष्ट विचारायला सांगते: ओपीडीला रोज किती आणि कसले पेशंट येतात. बिल्डिंग, होस्टेल, प्लेसमेंटचे फोटो नंतर. मुंबई सेंट्रलला नायर हॉस्पिटलचं स्कूल आहे, साठच्या दशकापासून चालू, पालिकेचं हॉस्पिटल असल्यामुळे तिथे जे येतं ते पुस्तकात नसतं. वांद्रे रिक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, केंद्र सरकारची, १९८३ ची, आपल्या एका राज्यपालांचं नाव आहे तिला. पुण्यात भारती विद्यापीठाचं स्कूल आहे. बाहेर मैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था सगळ्यात मोठी मानतात, तिची प्रवेशाची पद्धत वेगळी असते. जागा सगळीकडे मोजक्याच, त्यामुळे फॉर्मच्या तारखा त्या त्या संस्थेच्या यंदाच्या सूचनेत बघा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या यादीत नको.

मामांचं श्रवणयंत्रांचं दुकान आहे, मी तिथेच बसतो. माझं बीकॉम झालंय. कंपनीने मशीन प्रोग्रॅम करायचं ट्रेनिंग दिलंय आणि सर्टिफिकेटही. आता गिऱ्हाईक विचारतात तुम्ही ऑडिओलॉजिस्ट का. एखादा ऑनलाइन कोर्स करून तसं लिहिता येईल का? – जळगाव

नाही येणार दादा. कंपनीचं सर्टिफिकेट त्या कंपनीचं सॉफ्टवेअर चालवता येतं एवढंच सांगतं. ऑनलाइन करून ऑडिओलॉजिस्ट होता येतं असं कोणी सांगत असेल तर पैसे खिशात ठेवा.

एक वर्षाचा डीएचएलएस नावाचा डिप्लोमा आहे, आरसीआयचा मान्यताप्राप्त, पण तो बारावी सायन्सवाल्यांना, आणि तो करूनसुद्धा ऑडिओलॉजिस्ट होत नाही, ऑडिओलॉजिस्टच्या हाताखाली काम करता येतं. तुमची बारावी कॉमर्सची असणार. तर मी तुमच्या जागी असते तर सरळ एक रजिस्टर्ड ऑडिओलॉजिस्ट आठवड्यातून ठरलेले दिवस दुकानात बसवला असता, तपासणी आणि फिटिंग त्याच्याकडे, आणि खरेदी, रिपेअर, बॅटऱ्या, हिशोब, गिऱ्हाईक सांभाळणं तुमच्याकडे, जे तुम्हाला खरंच येतं. बोर्डवर त्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक.

हे मी नियमाच्या धाकाने सांगत नाहीये फक्त. समजा उद्या एकजण आला, म्हणाला परवा सकाळी उठलो तर उजवा कान बंद, मशीन दाखवा. त्याला मशीन दाखवायचंच नसतं, त्याला त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टरकडे पळवायचं असतं, कारण असा अचानक गेलेला कान औषधाने परत यायची शक्यता पहिल्या काही दिवसांत जास्त असते आणि नंतर ती खिडकी बंद होत जाते. एकाच कानात शिट्टी वाजते आणि त्याच बाजूचं कमी ऐकू येतं, कान वाहतोय, दोन वर्षांचं पोर हाकेला बघत नाही, यातलं कुठलं गिऱ्हाईक आणि कुठला पेशंट हे ओळखायलाच चार वर्षं लागतात. मशीनचं सॉफ्टवेअर तर आमची पोरं आठवड्यात शिकतात.

मी बीएएसएलपी इंटर्न आहे. पुढे एमएससी ऑडिओलॉजी करू की एमएससी स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी? घरचे म्हणतात क्लिनिक टाक, पीजीची काय गरज. सिनियर म्हणतात स्पीचमध्ये पैसा लगेच आहे. मला बेरा आणि कॉक्लियर इम्प्लांट आवडतं पण खात्री नाही. – पुणे

आधी घरच्यांचं. कायद्याने त्यांचं बरोबर आहे, तुझी डिग्री आणि रजिस्ट्रेशन दोन्ही कामांचं असतं, उद्या क्लिनिक टाकलंस तर कोणी अडवणार नाही. सिनियर्सचंही खोटं नाही, स्पीच थेरपीला एक खोली, एक टेबल आणि खेळणी पुरतात, ऑडिओलॉजीला साउंडप्रूफ रूम, ऑडिओमीटर, टिंप (कानाच्या पडद्याची आणि त्यामागची तपासणी), बेरा (आवाजाला कानाची नस काय उत्तर देते त्या लाटा मोजणारं), ओएई (कानातून परत येणारा बारीक आवाज टिपणारं), म्हणजे सुरुवातीलाच मोठं कर्ज, आणि दरवर्षी कॅलिब्रेशन. म्हणून ऑडिओलॉजीवाली मुलं बहुतेक हॉस्पिटल, इम्प्लांट (ऑपरेशनने आतल्या कानात बसवायचं यंत्र) सेंटर, श्रवणयंत्र कंपन्या किंवा कॉलेजमध्ये नोकरी करतात. सरकारी बाजूला जिल्ह्याच्या डीईआयसीमध्ये, म्हणजे लहान मुलांचे दोष लवकर हेरून उपचार करायच्या केंद्रात, ऑडिओलॉजिस्टच्या जागा असतात, पण बऱ्याचशा कंत्राटी.

पण तू विचारतेस ते पीजीबद्दल, तर ऐक. पूर्वी एमएएसएलपी अशी एकच एकत्र मास्टर्स असायची, मग त्याचे दोन फाटे झाले आणि ते योग्यच झालं असं माझं मत आहे, कारण दोन्हीकडे माहितीचा पसारा इतका वाढला की दोन वर्षांत एकत्र बसेना. एमएससी ऑडिओलॉजीची दोन वर्षं, चार सेमिस्टर, शेवटी डिसर्टेशन. बीएएसएलपीत तू चाचणी करायला शिकलीस. एमएससीत चाचणी जिथे खोटं बोलते ती जागा शोधायला शिकतेस.

उदाहरण देते. बेरा करताना क्लिक दिला, पाचवी लाट आली, ३० डीबीपर्यंत आली, रिपोर्ट लिहिला 'नॉर्मल'. पण क्लिक मुख्यतः २,००० ते ४,००० हर्ट्झच्या आसपासचं सांगतो, खालच्या स्वरांना ऐकू कमी असेल तर क्लिकला ते दिसतच नाही. मग टोन बर्स्ट, एएसएसआर, या एकेका स्वराचं वेगळं तपासणाऱ्या चाचण्या. उलट एखाद्या बाळाचं ओएई झकास येतंय, म्हणजे कॉक्लियातल्या (आतल्या कानाच्या शंखातल्या) बाहेरच्या रांगेतल्या केसपेशी काम करतायत, आणि बेरामध्ये मात्र एक लाट नाही. नवीन माणूस म्हणतो मशीन बिघडलं. ते ऑडिटरी न्यूरोपॅथी असू शकतं, म्हणजे नसेतून मेंदूकडे आवाज नीट जात नाही, आणि त्या बाळाचा पुढचा सगळा रस्ता वेगळा होतो, मशीन कधी, इम्प्लांट करायचं का, भाषा कशी द्यायची. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं टिंप नेहमीच्या २२६ हर्ट्झवर काढलं तर पडद्यामागे पाणी असूनही आलेख सुरेख येऊ शकतो, म्हणून १,००० हर्ट्झचा प्रोब. हे सगळं पुस्तकात आहे, तू वाचलंही असशील. पण रडणारं बाळ, झोपेचं औषध उतरत चाललंय, बाहेर आजी विचारतेय किती वेळ, आणि आता पुढची कुठली चाचणी घ्यायची ते दोन मिनिटांत ठरवायचं, हे ज्या संस्थेत तुझ्याकडून करून घेतात ती संस्था चांगली.

इम्प्लांट आवडत असेल तर विचारताना नीट विचार, तिथे मॅपिंग, म्हणजे इम्प्लांटचे आवाज त्या पेशंटला जुळवून लावणं, कोण करतं. काही ठिकाणी कंपनीचा माणूस येऊन मॅपिंग करून जातो आणि विद्यार्थी खुर्चीवर बसून बघतात, दोन वर्षांनी त्यांच्या लॉगबुकमध्ये आकडा मोठा असतो आणि हाताला काही नसतं. केंद्राच्या अॅडिप, म्हणजे दिव्यांगांना साधनं द्यायच्या, योजनेतल्या इम्प्लांटचं काम वांद्र्याच्या राष्ट्रीय संस्थेकडे नोडल म्हणून आहे, त्यामुळे त्या वर्तुळातल्या ठिकाणी केसेस बघायला मिळतात. चक्कर येणाऱ्या पेशंटचं काम, म्हणजे व्हीएनजी, व्हीहिट, एपली मनुव्हर, हे सगळीकडे नाही, आवडत असेल तर तेही विचार. टिनिटस (कानात आपोआप आवाज येणं), कारखान्यातला आवाज, यांचं तर फार थोड्या ठिकाणी नीट चालतं. आपल्याकडे कारखान्यात ८ तासांना ९० डीबीची मर्यादा आहे, अमेरिकेची नायॉश ही कामगारांच्या आरोग्याची संस्था ८५ सांगते, आणि ज्या राज्यात पिंपरी, भोसरी, तारापूर, बुटीबोरी आहे तिथे या विषयात पीजी करून कामाला लागलेली माणसं बोटावर मोजण्याइतकी, याचं मला कायम नवल वाटतं. डिसर्टेशनला विषय मिळत नाही म्हणून रडणाऱ्यांनी इकडे बघा.

महाराष्ट्रात पीजीसाठी सीईटी सेलची वेगळी परीक्षा असते, आणि अभिमत विद्यापीठांचं आपापलं असतं. तयारी करताना गुंतागुंतीच्या विषयांच्या मागे धावू नकोस, मास्किंग, इमिटन्स, कॅलिब्रेशन आणि श्रवणयंत्राचं व्हेरिफिकेशन पक्कं कर, व्हायवालाही हेच विचारतात.

खात्री नाही म्हणतेस त्यावर: इंटर्नशिपचे जे महिने उरलेत त्यात एखाद्या लहान बाळाच्या केसला पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत चिकटून राहा. निदान सांगायच्या वेळी खोलीत थांब. आई गप्प होते, वडील म्हणतात मीपण उशिराच बोललो होतो, सासूबाई म्हणतात कान फुंकून घेतला की ठीक होईल, आणि तुला तिथे बसून कोणालाही न दुखावता सांगायचं असतं की वाट बघायला वेळ नाही, कारण तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत आणि मशीन, थेरपी सहाव्या महिन्याच्या आत सुरू व्हावी असं जगभर धरतात आणि हे बाळ आपल्याकडे आलंय दीड वर्षाचं. हे संभाषण तुला नकोसं वाटलं तर ऑडिओलॉजी घेऊ नकोस, बेराच्या लाटा कितीही आवडोत.

मी फिजिक्सची बीएससी आहे, अकूस्टिक्स आवडीचा विषय. मला थेट एमएससी ऑडिओलॉजी करता येईल का? न्यू जर्सीचा मावसभाऊ म्हणतो तिकडे 'एयूडी' कर, डॉक्टर होशील. – कोल्हापूर

भारतात थेट नाही. एमएससीला बीएएसएलपी लागतेच, तुला पुन्हा पहिल्या वर्षापासून यावं लागेल. मला हे फारसं पटत नाही खरं सांगायचं तर, ज्या विषयाचा अर्धा पाया फिजिक्सवाल्यांनी घातला तिथे फिजिक्सच्या पोरीला दार बंद. कॉक्लियात लाट कशी पळते हे दाखवून १९६१ चं नोबेल घेणारा बेकेशी फिजिक्सवालाच होता, कान स्वतः आवाज बाहेर टाकतो हे १९७८ मध्ये दाखवणारा डेव्हिड केंपही फिजिक्सचाच, आणि त्याच शोधावर आज बाळांची ओएई चाचणी चालते. असो.

बाहेर मात्र उलटं आहे. अमेरिकेत ऑडिओलॉजी ही पदवीनंतरचीच व्यावसायिक डिग्री आहे आणि पदवी कुठल्याही विषयाची चालू शकते, काही विषय कमी असतील तर ते आधी किंवा सोबत पूर्ण करायला लावतात. हा पेशाच तिकडे दुसऱ्या महायुद्धातून आला, तोफांनी कान गेलेले सैनिक परत आले, त्यांच्यासाठी लष्करी हॉस्पिटलात केंद्रं निघाली, पेनसिल्व्हेनियातल्या अशा एका केंद्रात काम केलेला रेमंड कारहार्ट पुढे नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात ऑडिओलॉजी शिकवायला लागला आणि त्यालाच तिकडे ऑडिओलॉजीचा जनक म्हणतात. पुष्कळ वर्षं तिथे मास्टर्स पुरायची. मग १९९० च्या दशकात एयूडी, म्हणजे डॉक्टर ऑफ ऑडिओलॉजी, सुरू झाली आणि पुढे मास्टर्सचे कोर्स गुंडाळले. २०१२ पासून आशाचं, म्हणजे त्यांच्या राष्ट्रीय संघटनेचं, सर्टिफिकेट घ्यायला डॉक्टरेट पातळीचीच डिग्री लागते. म्हणून भारतातून एमएससी करून गेलेल्यांना तिथे तीच डिग्री दाखवून काम मिळत नाही, त्यातले बरेच पुन्हा एयूडीला बसतात.

एयूडी साधारण ४ वर्षांची. पहिली तीन वर्षं वर्ग आणि क्लिनिक एकत्र, चौथं वर्ष एक्स्टर्नशिप, म्हणजे एखाद्या हॉस्पिटलात किंवा क्लिनिकमध्ये पूर्णवेळ काम, तेही सुपरवायझरच्या नजरेखाली. काही विद्यापीठांनी ते तीन वर्षांत बसवलंय, सुट्ट्या न देता. शेवटी प्रॅक्सिस परीक्षा, आणि ज्या राज्यात काम करायचं त्या राज्याचं लायसन्स. पीएचडीशी याची गल्लत करू नकोस, पीएचडी संशोधनाची, एयूडी पेशंट बघायची. तुला प्रयोगशाळा जास्त आवडत असेल तर हिअरिंग सायन्सची पीएचडी बघ, तिथे फेलोशिप मिळायची शक्यता असते. एयूडीला तशी मदत फार कमी, आणि चार वर्षांची फी आणि राहणं धरून खर्च सहज कोटीच्या पुढे जाऊ शकतो. मावसभावाला हे विचार, डॉक्टर होशील म्हणाला तेव्हा हा आकडा सांगितला का.

ऑस्ट्रेलियाचा रस्ता मध्यम आहे. तिथे दोन वर्षांची मास्टर्स, फिजिक्सवाल्यांना घेतात, मेलबर्न, सिडनीचं मॅक्वॅरी, ब्रिस्बेनचं क्वीन्सलँड अशी विद्यापीठं आहेत, आणि डिग्रीनंतर संघटनेच्या देखरेखीखाली एक वर्षाची क्लिनिकल इंटर्नशिप. आपण सगळे इथे श्रवणयंत्र बसवताना जो 'नॅल'चा फॉर्म्युला वापरतो तो तिथल्याच नॅशनल अकूस्टिक लॅबोरेटरीजचा.

पैसे भरायच्या आधी कोल्हापुरातल्याच एखाद्या ऑडिओलॉजिस्टकडे परवानगी मागून चार दिवस कोपऱ्यात बसून बघ. अकूस्टिक्स आवडणं आणि ऐंशी वर्षांच्या आजोबांना सहाव्यांदा बॅटरी कशी घालायची ते हसून सांगणं यात अंतर आहे, आणि दिवसातला मोठा वेळ दुसऱ्या कामात जातो.

मी अकरावीत आहे. लहानपणापासून दोन्ही कानांना मशीन आहे. मला ऑडिओलॉजिस्टच व्हायचंय, पण शाळेतल्या सरांनी सांगितलं ऐकू येत नसेल त्याला ऐकायची तपासणी कशी करता येईल. – नाशिक

बाळ, सरांना सांग की तपासणीत ऐकायचं काम पेशंटचं असतं.

आता खरंखुरं सांगते, कारण नुसतं पाठीवर हात फिरवून उपयोग नाही. प्युअर टोन, टिंप, बेरा, ओएई, श्रवणयंत्र बॉक्समध्ये ठेवून किंवा कानात प्रोब घालून मोजणं, मॅपिंग, यात तुझ्या कानावर काही अवलंबून नाही, सगळं डोळ्याने आणि डोक्याने. अडचण येते दोन-तीन जागी. एक, शब्दांची चाचणी, पेशंट शब्द परत म्हणतो आणि तो बरोबर म्हणाला का हे तुला ठरवायचं असतं, तिथे टॉकबॅकचा, म्हणजे पेशंटच्या माइकचा, आवाज थेट तुझ्या कानातल्या मशीनमध्ये घ्यायची सोय, पेशंटचा चेहरा समोर दिसेल अशी बैठक, किंवा लिहून आणि चित्रावर बोट ठेवून उत्तर. दोन, रोज सकाळी तपासणीच्या मशीनमध्ये खरखर आहे का ते कानाने ऐकून तपासणं, ते सोबतच्या माणसाकडून. तीन, आणि ही कोणी सांगत नाही, स्पीचचे विषय. बीएएसएलपीत स्पीचही आहे, एखादं मूल 'श' च्या जागी 'स' म्हणतंय का हे टिपणं तुला तुझ्या ऑडिओग्रामप्रमाणे (ऐकण्याच्या आलेखाप्रमाणे) सोपं किंवा अवघड जाईल. तुझे वरचे स्वर किती शिल्लक आहेत ते तुझ्या ऑडिओलॉजिस्टला विचार, नीट बोला दोघी.

बहिरे आणि कमी ऐकू येणारे ऑडिओलॉजिस्ट जगात आहेत. वॉशिंग्टनमधलं गॅलोडेट विद्यापीठ तर मुळात बहिऱ्या विद्यार्थ्यांसाठीच आहे आणि तिथे एयूडी शिकवतात. इथे प्रवेशाच्या वेळी दिव्यांग प्रमाणपत्र आणि पात्रतेचे नियम लागू होतात, कायद्यात दोन्ही कानांना ६० ते ७० डीबी असेल तर कमी ऐकू येणारे आणि ७० च्या पुढे बहिरे असं धरतात, तर यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, आत्ताच काढून ठेव आणि ज्या दोन-तीन कॉलेजात जायचंय तिथे बारावीच्या आधी जाऊन विभागप्रमुखांना भेट, वर्गात काय सोय देतील ते लेखी विचार. काही जण कुरकुर करतील. करू देत. मशीन घातलेली मुलगी समोर बसून 'पहिले पंधरा दिवस ताटाचा आवाजपण डोक्यात जातो, मग कमी होतं' असं सांगते तेव्हा पेशंट ज्या लक्षाने ऐकतो तसं आमचं कोणाचंच ऐकत नाही.

मुलगा ऑडिओलॉजिस्ट झाला, नावाआधी 'डॉ.' लावू का? पत्रिका छापायचीय. – ठाणे

बीएएसएलपी किंवा एमएससीवर नका लावू. पीएचडी किंवा एयूडी केली तर डिग्रीचा मान म्हणून लागतं, पण क्लिनिकच्या पाटीवर मग डिग्री स्पष्ट लिहायची, लोकांना कान-नाक-घसा सर्जन वाटायला नको. लग्नपत्रिकेत नुसतं 'ऑडिओलॉजिस्ट' छापा, छान दिसतं. मुलाला रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण आणि सीआरईचे, म्हणजे नोंदणी टिकवायला लागणाऱ्या पुढच्या शिक्षणाचे, पॉइंट वेळेवर करायला सांगा, लग्नाच्या गडबडीत तेच राहतं.

मी बेळगावची, मराठी शाळेतून शिकलेली, आता मैसूरला प्रवेश मिळालाय. वर्ग इंग्रजीत आहेत ते जमेल, पण क्लिनिकला सगळे पेशंट कन्नड. माझं कन्नड मोडकंतोडकं. पुढे मला महाराष्ट्रातच काम करायचंय, मग कन्नडवर मेहनत घेऊ की नको? – बेळगाव

घे. दोन्हीकडच्या पेशंटसाठी घे. हिस्टरी भाषांतर करून घेता येत नाही, 'ऐकू येतं पण कळत नाही' हे वाक्य पेशंट स्वतःच्या बोलीत कसं म्हणतो त्यावर अर्धं निदान असतं, म्हणजे वरच्या पट्टीचं ऐकणं गेलंय, अ, आ, ओ ऐकू येतायत पण स, श, फ, थ निसटतायत. पहिल्या वर्षी रोज ओपीडीत बसायला मिळेल तेवढं बस, ठरलेले पन्नासेक प्रश्न आणि सूचना आधी पाठ कर, आवाज आला की बोट वर करा, अगदी बारीक आला तरी करा, कान वाहतो का, चक्कर येते का, घरात कोणाला आहे का, एवढ्यावर पहिली पोस्टिंग निघून जाते.

आणि मराठी सोडू नकोस. शब्दांची चाचणी पेशंटच्या मातृभाषेतच घ्यावी लागते, कन्नड येणाऱ्या माणसाला मराठी यादी वाचून दाखवली आणि तो चुकला तर तो भाषेत चुकला की कानात, हे कळायचं नाही. सीमाभागात तर एकाच घरात सासू मराठी, सून कन्नड आणि नातू इंग्रजी शाळेत. दोन्ही भाषा चोख असणारी ऑडिओलॉजिस्ट बेळगाव, कोल्हापूर, सांगली, सोलापूर पट्ट्यात मिळणं अवघड आहे. मैसूरला गेलीस की पहिल्याच सेमिस्टरला लायब्ररीत जुनी डिसर्टेशन्स बघ, भाषावार शब्दयाद्यांवरचं काम तिथे बरंच झालेलं आहे. कुठल्या भाषेत काय राहिलंय ते स्वतः शोध आणि वहीत टिपून ठेव, एमएससीला विषय शोधत फिरावं लागणार नाही.